वारं लागू नये म्हणून

त्या रात्री खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे कुणाचं नाव राहिलं असं नको व्हायला. माझी थोरली बहीण शालन, तिला मी आक्का म्हणायची. आक्काची लेक, बारसं व्हायचं होतं म्हणून नुसती 'बाळ'. शेजारच्या खोलीतल्या लुर्दीन मावशी, वसईच्या, आन् त्यांचे मालक अंतोनकाका. अंगणापलीकडचा नामदेव, आमच्याच साताऱ्याकडचा, वेल्डर. आन् मी, कमल. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, तेवढे नव्हते. ते शिफ्टची बस घेऊन मेसईदला, कारखान्याकडं गेले होते. फळीवर आमचा जोतिबा होता आन् अंतोनकाकांच्या हातात त्यांची जपमाळ. देव धरायचे असतील तर तेही धरा.

ते घर कतारच्या दोहातलं, एका अरबाचं जुनं घर. मधे अंगण, भोवती तीन खोल्या, एक नळ, एक सामायिक स्वयंपाकघर, आन् अंगणात बोराचं झाड. अरब त्याच्या नव्या बंगल्यात राहायला गेला होता आन् खोल्या आमच्यासारख्यांना दिल्या होत्या. आमच्या खोलीला तेवढा सिमेंटचा स्लॅब. मावशींच्या खोलीला लाकडी वासे आन् वर चटई, माती. नामदेवाच्या खोलीला पत्रा. पहाटे बांग झाली की पहिला आवाज नळाचा. मग कोपऱ्यावरच्या इराण्याच्या भट्टीतून खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणायला अंतोनकाका निघायचे, त्यांच्या चपलेचा आवाज. मग नामदेवाचा रेडिओ. मावशी इस्पितळात चादरी धुवायच्या खात्यात होत्या, त्या जायच्या आधी नारळ खवून जायच्या, तो खरखर आवाज. आमच्या गावात जात्याचा आवाज, तिथं खवणीचा. मला सुरवातीला झोपेत वाटायचं आई दळायला बसलीय.

मी तिथं आक्काच्या बाळंतपणासाठी गेले होते. आक्काची आधीची दोन बाळं गावी दगावली होती, एक पोटात, एक सहा दिवसांचं. म्हणून दाजींनी हट्ट धरून तिला इकडं आणलं, इथला दवाखाना चांगला म्हणून. पण बाळंतपण म्हणजे नुसता दवाखाना नाही ना. माहेरचं माणूस लागतं. बा अंथरुणाला खिळलेला, आई त्याला सोडून येणार कशी? मग मला पाठवलं. पदर आला होता मला, पण अक्कल आली होती असं काही म्हणवत नाही. बोटीत बसवताना आईनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "कमे, बाळंतिनीला वारं लागू दिऊ नगं. कान बांधून ठेव तिचं. वारं आत शिरलं की मग जल्माचं दुखनं, न्हाईतर मरान." बोट हलली तरी धक्क्यावरून कानाला हात लावून दाखवत होती, कान बांध, कान बांध. मुंबईचा धक्का, एवढी माणसं, आन् माझी आई कान धरून उभी.

आता माझ्या नाती बाळंत होतात आन् आठ दिवसांत केस धुऊन पंख्याखाली बसतात. मी काही बोलत नाही. त्यांना वाटतं आजीला आता कळेनासं झालंय.

तर आईनं सांगितलं तसं सगळं आम्ही केलं. आक्काला दवाखान्यातून घरी आणली तेव्हा नामदेवानं बाज तयार ठेवली होती, पाण्याच्या पाइपांची, वेल्डिंग केलेली, वर नायलॉनची दोरी विणलेली. म्हणाला, "वयनी, ह्या बाजंवर हत्तीन बाळंत झाली तरी मोडायची न्हाई." आक्का पोट धरून हसली. टाके दुखले तरी हसली. त्यानंच तेलाच्या डब्याला भोकं पाडून, खाली तीन पाय जोडून शेगडी केली. मावशींनी सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, कोळसा आणला, अरब मटण भाजायला वापरतात तसला. वसईतही बाळंतिणीला शेक देतात, त्यामुळं त्यांना काही शिकवावं लागलं नाही. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. बाळाला पायावर घेऊन तेल चोळताना त्या अशा काही गुंग व्हायच्या की कामाची गाडी अंगणाबाहेर भोंगा वाजवत उभी राहायची. अंतोनकाका म्हणायचे, "अगो, पगार त्या पोरीच्या पायातून निघायचा नाही." मावशी म्हणायच्या, "निघेल. तुम्ही जपा तुमची माळ."

शेगडी अंगणात पेटवायची. धूर पुरता जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले, वर पांढरी राख धरली की आत आणून बाजेखाली ठेवायची. वर ओवा आन् बाळंतशेपा टाकायच्या. धूर गेला म्हणजे दोष गेला, असं आई म्हणायची, मावशीही तेच म्हणायच्या. गावी आमच्या घराला कौलं. कौलांतून चांदणं दिसायचं, तिथून काय जायचं ते जायचं. ह्या खोलीला वर स्लॅब, एक खिडकी, आन् खिडकीवर एसीसाठी ठेवलेलं चौकोनी भोक. एसी कुठला, तिथं पुठ्ठा लावलेला, तो वाऱ्यानं फडफडायचा. आक्का म्हणायची, त्या पुठ्ठ्याचं काहीतरी करा, रात्री झोप लागत नाही.

हिवाळा होता. तिथं हिवाळ्यात चांगलीच थंडी पडते, लोकांना खोटं वाटतं. त्या दिवशी दुपारीच उत्तरेकडं, समैस्माच्या अंगाला, आभाळ हळदीसारखं झालं. वारा पडला. बोराचं पान हलेना. नामदेव अर्ध्या दिवसात परत आला. म्हणाला, "साइट बंद केली. यल्ला यल्ला करून समद्यास्नी हाकललं." त्याच्या रेडिओवर उर्दूतून सांगत होते, रात्री मोठं वादळ आहे, होड्या समुद्रात नेऊ नका, घराबाहेर पडू नका. मग पोलिसांची जीप भोंग्यातून अरबीत तेच सांगत गल्लीतून गेली. नामदेवाला एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं, समैस्माच्या समुद्रात पाण्याची सोंड उभी राहिली होती, खाली समुद्राला लागलेली, वर आभाळाला, आन् ती चालत होती. एक होडी तिनं उचलली म्हणे. ती जमिनीवर येईल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. आक्का बाजेवरून म्हणाली, "माझ्यासमोर नगा बोलू असलं. दूध आटतं."

दाजींना जाऊ नका असं सगळेच म्हणाले. दाजी कमी बोलायचे. म्हणाले, "तितं कारखान्यात दिवसपाळीची मानसं हायत. त्यास्नी आनायला कोन जानार? जाऊन येतो." गणवेशाचा सदरा चढवला, बाळाच्या पायाला बोट लावलं. मला म्हणाले, "कमे, दार लावून घे. आक्काला वारं लागू दिऊ नगंस." मावशींना म्हणाले, "मावशी, तुमच्या जिवावर चाललोय." मावशी म्हणाल्या, "जा रे बाबा. इन्शाल्ला सकाळी चहाला ये." त्या इस्पितळात काम करून तसं बोलायला शिकल्या होत्या.

दाजी गेले आन् आम्ही खोली बांधायला घेतली. तिकडं गुबार आला, म्हणजे वाळूचं वादळ आलं की सगळेच दाराखिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबतात. अंतोनकाकांनी त्यांची जुनी बनियनं फाडून दिली. मी बादलीत बुडवून पिळून देत होते, ते सुरीच्या टोकानं फटीत ठासत होते. नामदेवानं एसीच्या भोकाचा पुठ्ठा काढून टाकला आन् प्लायवूडची फळी चारी बाजूनं खिळे ठोकून बसवली, कडेनं ओल्या कापसाची वात भरली. खाली उतरून हात झटकत म्हणाला, "आता मुंगीला यायचं असंल तर व्हिसा काढावा लागंल." आक्का म्हणाली, "आज झोप लागंल बया." सगळ्यांनी जीव लावून काम केलं. एवढं घट्ट घर मी त्याआधी पाहिलं नव्हतं आन् नंतरही नाही.

अंधार पडता पडता आलं. आधी आवाज आला, लांबून मालगाडी यावी तसा, आन् मग दारावर कुणी मुठी भरभरून वाळू फेकून मारावी तशी वाळू. दिवे गेले. मावशी त्यांच्या देव्हाऱ्यातली मेणबत्ती, भाताचं पातेलं आन् सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन आमच्याकडं आल्या, त्यांच्या छताची माती पडायला लागली होती. अंतोनकाका मागून उशी घेऊन आले. थोड्या वेळानं अंगणात असा काही आवाज झाला की बाळ दचकून किंचाळलं. नामदेव पळत आला, आम्ही दार किलकिलं करून त्याला आत ओढला आन् परत फडकी कोंबली. त्याच्या केसांत, भुवयांत वाळू. खाली बसून म्हणाला, "गेला आमचा म्हाल. पत्रा उडून बोरीवर जाऊन बसला." मावशी म्हणाल्या, "बरं झालं, नाहीतरी तुझ्या मोज्यांना हवा लागत नव्हती." तो म्हणाला, "मावशी, तुमी दार उघडून निस्ता बोंबील दावा. वादळ माघारी जातंय का न्हाई बगा." आक्का हसत होती. माझ्या बहिणीचं हसणं मला आज ऐकू येतं ते त्या रात्रीचं.

जेवलो. आक्काला मी बाजरीची भाकरी, लसणीचं तूप आन् अळिवाची खीर दिली, तिला बोंबील चालत नव्हता. मग पाऊस आला. पावसात गारा. स्लॅबवर कुणी पोतीच्या पोती खडी ओतावी तसा आवाज. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. आन् थंडी अशी वाढली की बाळाची नखं निळी दिसायला लागली. मावशी म्हणाल्या, "शेक देऊ गो बाय, पोर गारठतेय." पाऊस जरा थांबल्यासारखा झाला तसं त्या आन् नामदेव स्वयंपाकघरात जाऊन शेगडी फुलवून आले. रोज अर्धी शेगडी असायची, त्या रात्री काठोकाठ. निखारे लाल लाल, धुराचा मागमूस नाही. बाजेखाली ठेवली. खोली ऊबदार झाली. बाहेर एवढा आकांत आन् आत आम्ही सहा जीव, ओवा जळल्याचा वास, एक मेणबत्ती. अंतोनकाका त्यांची प्रार्थना म्हणत होते, आक्का जोतिबाच्या नावानं चांगभलं पुटपुटत होती. मला वाटलं, आता काही होत नाही. निभावलं.

शेगडी उतरली तसं मावशींनी पिशवीतला उरलेला कोळसा वर घातला. तो आतच पेटला.

मग बोलणं कमी होत गेलं. का कमी झालं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, दमलेत असं वाटलं. नामदेव कपाळ दाबून बसला होता. म्हणाला, "डोस्कं फुटतंया माजं. ती फळी जरा ढिली करू का?" मावशींनी डोळे वटारले. "काय बोलतोस? ओली बाळंतीण आहे समोर. हा वारा तिच्या अंगात शिरला म्हणजे? तिच्या नवऱ्याला काय तोंड दाखवू मी?" नामदेवानं आक्काकडं बघितलं. आक्काच म्हणाली, "नगं नामदेवभावजी. सकाळपतुर कळ काढा. बाळाला वारं बाधंल." मग तो उठला, मोरीपर्यंत जायच्या आत ओकला. म्हणाला, "बोंबील बाधला." मावशी भिंतीला टेकूनच म्हणाल्या, "माझ्या बोंबलानं अजून कुणी मेलं नाही, घाट्या." पण त्यांचाही आवाज जड होता. त्या म्हणाल्या गुबार नाकात गेलाय. अंतोनकाका म्हणाले वय झालंय. मला वाटलं नजर लागलीय. ज्याला जे माहीत होतं ते त्यानं म्हटलं.

बाळ किरकिर करायला लागलं. बाजेजवळ फार झळ लागतेय असं मला वाटलं, म्हणून मी त्याला गोधडीत घेऊन दाराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. दाराखालच्या फडक्यातून सुईसारखी वाऱ्याची तार आत येत होती. ती बाळाला लागू नये म्हणून मी पाठ दाराला लावली आन् बाळ पोटाशी धरलं. माझी पाठ गार पडली होती. आक्का कुशीवर वळून आमच्याकडं बघत होती. म्हणाली, "कमे, टोपडं नीट बांध तिचं. कान उघडा दिसतोय." मी बांधलं. तिला दाखवलं. तिनं डोळे मिटले.

ह्यानंतरचं मला सलग आठवत नाही. झोप नव्हती ती. पाय उचलावा वाटत होता आन् पाय आपला नसल्यासारखा. मेणबत्तीकडं बघत होते. पाऊस लांब गेल्यासारखा ऐकू येत होता आन् खरंतर तो तिथंच होता.

मग फळी फुटली. बोरीवरचा पत्रा सुटून तिच्यावर आदळला होता, ते सकाळी कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की भिंतीला भोक पडलं आन् सगळं वादळ आत घुसलं. वाळू, पाणी, गारा. मेणबत्ती गेली. शेगडीत पाणी पडून चर्र झालं. बाळ मोठ्यानं रडलं आन् त्या रडण्यानं मी जागी झाले. नामदेव उठायला गेला आन् गुडघ्यावर पडला, परत उठला, परत पडला. दारू न पिता दारुड्यासारखा. शेवटी रांगत जाऊन त्यानं उशी उचलली आन् भोकाला लावायला बघत होता. लुर्दीन मावशी सरपटत बाजेवर चढल्या आन् आक्काच्या अंगावर पालथ्या पडल्या, हातानं तिचे कान झाकून. ओरडत होत्या, "वारा लागतोय तिला! अरे बंद करा रे, वारा लागतोय!" वारा सगळ्यांच्या अंगातून जात होता. आन् आमची डोकी हळूहळू ठिकाणावर येत होती.

आक्का उठली नाही. अंतोनकाकांनी काडी पेटवली. बाळंतपणापासून तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता, आन् त्या काडीच्या उजेडात तिच्या गालांवर लाली होती, लग्नात हळद उतरल्यावर होती तशी. मी म्हटलं, बघा, बरी आहे. मावशींनी तिच्या नाकाशी हात धरला. परत धरला. मग काकांना म्हणाल्या, "उचला."

बाज तशीच उचलली, एका बाजूनं नामदेव, एका बाजूनं काका. गल्लीत गुडघाभर पाणी. मी उंबऱ्यात बाळ घेऊन उभी होते. विजेत बाज दिसायची, परत दिसेनाशी व्हायची. हमरस्त्यावर पोलिसांची जीप मिळाली, त्यांनी आक्काला आन् काकांना दवाखान्यात नेलं, नामदेव बाज तिथंच टाकून माघारी आला.

उजाडता उजाडता काका एकटे परत आले. वादळ सरलं होतं. अंगणात पाणी साचलं होतं आन् त्यात बोरं तरंगत होती. काका उंबऱ्यावर बसले, बूट काढले, बुटातलं पाणी ओतलं. त्यांच्याकडं बघून आम्हांला कळलं होतंच. त्यांना इंग्रजी यायचं म्हणून डॉक्टर त्यांच्याशी बोलला होता. डॉक्टरनं विचारलं होतं, खोलीत कोळसा पेटलेला होता का? काका म्हणाले, "निखारा असला तरी त्याची हवा सुटते म्हणे. तिला वास नाही, रंग नाही. कोंडलेल्या खोलीत माणूस झोपेत जातो." मावशी म्हणाल्या, "नाही. फळी फुटली तेव्हा वारा लागला तिला. मी पोचले नाही वेळेवर." काकांनी मान हलवली. म्हणाले, "लुर्दीन, फळी फुटली म्हणून आपण जिवंत बसलोय. ती आधीच गेली होती."

मावशी उठल्या, ती तीन पायांची शेगडी उचलली, अंगणात नेऊन ठेवली आन् तिच्यासमोर पाण्यात उभ्या राहिल्या.

दाजी उन्हं वर आल्यावर आले. मेसईदचा रस्ता वाळूनं आन् पाण्यानं बुजला होता, बस अडकली होती. रात्रभर बसमधली माणसं धरून बसले होते, सकाळी पाण्याच्या टँकरवर बसून आले. माणसं सगळी सुखरूप आणली होती. मांडीपर्यंत चिखल. अंगणात पाय ठेवला आन् दारातून बाज दिसेना, तसं विचारलं, "शालन कुठाय?" मी बाळाचं टोपडं सारखं करत राहिले. नामदेव मागं भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मावशीच पुढं झाल्या. आडवळणानं सांगितलं नाही. म्हणाल्या, "कोळसा मी आणला होता. शेगडी मी भरली, दुसऱ्यांदा पण मीच घातला कोळसा. नामदेव फळी काढू म्हणत होता, मी काढू दिली नाही. तू माझ्या जिवावर सोडून गेला होतास." दाजी मग नळाशी गेले, पायाचा चिखल धुतला, सावकाश, दोन्ही पाय, आन् काकांना म्हणाले, "चला, दवाखाना दाखवा."

संध्याकाळपर्यंत गल्लीगल्लीतून आमच्याकडची माणसं जमली. सातारा, सांगली, ड्रायव्हर, मेस्त्री, सगळे पुरुष. त्यांच्या बायका गावीच. ओट्यावर, अंगणात पाण्यात विटा टाकून बसले. गेलेल्याच्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यानं अन्न आणायचं, ही आपली रीत. कुणी खुबूस आणले, कुणी डबा. मावशींनी त्यांच्या चुलीवर भात आन् पिठलं केल्याचा वास मला येत होता, पिठलं त्या माझ्याकडून शिकल्या होत्या. पण त्यांच्या खोलीचं दार बंद. एकजण हलक्या आवाजात म्हणाला, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं, "त्या वसईवालीनंच कोंडून मारली म्हनं." दुसरा म्हणाला, "तरी सांगतो, परक्याच्या हातात बाळंतीन दिऊ नये."

दाजी उठले. मला वाटलं त्या माणसाला मारतात. ते अंगण ओलांडून मावशींच्या दाराशी गेले आन् कडी वाजवली. दार उघडलं. मावशी सकाळच्याच ओल्या लुगड्यात होत्या. दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशी, आमच्यात चूल न्हाई आज. तुमी काय केलं असंल ते आना. कमीनं सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई."

मावशींनी परात आणली. नामदेवानं पुढं होऊन दुसरा काठ धरला. दाजी खाली बसले आन् त्या सगळ्या माणसांच्या देखत पहिला घास घेतला. मग माझ्याकडं परात सरकवली.

आक्काला विमानानं गावी नेलं, आन् बाळाला मांडीवर घेऊन मीही त्याच विमानानं गेले. आईला मी सगळं सांगितलं, कोळसा, फळी, डॉक्टर. आई म्हणाली, "तू पोर हायस. तुला काय कळतंय. परमुलखाचं वारं लागलं माझ्या लेकीला." शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली. गावात आजही तेच म्हणतात. वर्षानं मला दाजींच्या घरात दिली. बाळाला परकी आई नको म्हणून. मला कुणी विचारलं नाही आन् विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण ती पोर माझ्याशिवाय झोपत नव्हती. दाजींबरोबर संसार झाला, दोन मुलगे झाले. वाईट माणूस नव्हता. आम्ही दोघं त्या रात्रीविषयी कधी बोललो नाही. ती पोर आता स्वतः आजी झालीय. तिला आक्काची गोष्ट मी लहानपणापासून सांगत आलेय, लपवलं काही नाही. मावशी आन् काका पुढं वसईला परतले. मावशी होत्या तोवर दर नाताळाला पोरीसाठी फ्रॉक यायचा, पोर लग्नाची झाली तरी फ्रॉकच यायचा. त्यांच्या डोळ्यांपुढं ती तेवढीच राहिली असणार.

मी तिसरी शिकलेली. हे लिहायला बरेच दिवस लागले, आन् हात दुखतो. वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. घरात बाळंतीण असू दे, म्हातारं माणूस असू दे, बाहेर कसलंही वादळ असू दे, पेटलेला कोळसा आत घेतलात तर वरची एखादी खिडकी उघडी ठेवा. कुणी रागावलं तरी ठेवा. आन् लुर्दीन मावशींना नाव ठेवू नका.